नवे यंत्र व त्याची परीक्षा

उत्तम कॅमेरा घेतला की उत्तम चित्रे निघतात, असा पुष्कळांचा समज असतो. दादासाहेब फाळके छायाचित्रणात मुरलेले होते. तरी चलच्चित्राचा कॅमेरा त्यांस नवा होता. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ साली लंडनला गेले व तेथे त्यांनी विल्यमसन कॅमेरा खरेदी केला. परंतु प्रथम त्यांनी चित्र घेतले ते वाटाण्याच्या रोपाचे! अनेक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली, तेव्हा भांडवल देणाऱ्यांस विश्वास वाटला; आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. विद्यार्थिमित्रहो, नवे यंत्र अवश्य घ्यावे. मात्र मोठ्या कार्यास जुंपण्यापूर्वी लहान कामात त्याची व आपलीही परीक्षा पाहावी, असे आम्हांस वाटते.