आर्णीत घर की प्लॉट?

प्रश्न : आर्णीत नोकरी लागली आहे. जुन्या वस्तीत घर घ्यावे की नवीन लेआउटमध्ये प्लॉट?

उत्तर : आधी एक पावसाळा भाड्याच्या घरात काढा. अरुणावतीच्या काठाला प्लॉट स्वस्त मिळाला तरी पूररेषा तपासल्याशिवाय इसार देऊ नका. नागपूर–तुळजापूर महामार्गालगत घेणार असाल तर एनए आदेश, मंजूर नकाशा, सातबारा स्वतः पाहा. नुसत्या स्टॅम्पपेपरवरचा व्यवहार नकोच.

खरी काळजी काळ्या मातीची. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि भिंती तडकतात. मुरूम लागेपर्यंत पाया खोदा, प्लिंथ बीम टाका. टाइल्स नंतरही बसवता येतील. जुने घर आवडले, तर खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघालेल्या तिरप्या भेगा आधी बघा.