उंच गाडी घेण्याआधी

भारतीय बाजारात एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्या बांधणीने दोन जातींच्या असतात. एका जातीत खाली शिडीसारखी पोलादी चौकट असते आणि तिच्यावर बॉडी बोल्टांनी बसवलेली असते. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, फॉर्च्युनर या अशा लॅडर फ्रेमच्या गाड्या. त्यांत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते आणि फोर बाय फोर असेल तर चारही चाकांना. दुसऱ्या जातीत वेगळी चौकट नसते. हॅचबॅकसारखाच एकसंध सांगाडा, म्हणजे मोनोकॉक, थोडा उंच करून वापरलेला असतो आणि ताकद बहुधा पुढच्या चाकांना मिळते. नेक्सॉन, ब्रेझा, क्रेटा या पठडीतल्या गाड्यांना क्रॉसओव्हर म्हणतात. शोरूममध्ये दोन्ही जाती एसयूव्हीच असतात. नावावरूनही काही कळत नाही. १९९८ची सफारी लॅडर फ्रेमवर होती. २०२१मध्ये त्याच नावाने आलेली सफारी मोनोकॉक आहे आणि पुढच्या चाकांवर चालते.

हा फरक न समजता गाडी घेतली तर काय होते, याचा दाखला प्रस्तुत लेखकाच्याच घरातला आहे. त्याने पुण्यात चार मीटरच्या आतली, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची आणि एएमटी म्हणजे आपोआप बदलणाऱ्या गिअरची क्रॉसओव्हर घेतली. कारण एकच होते: चिपळूणजवळच्या गावच्या घरापर्यंत ‘उंच गाडी’ आरामात जाईल. दोन वर्षे उन्हाळ्यात ती गेलीही. तिसऱ्या वर्षी गणपतीला पाच माणसे, मखर आणि डिकीभर सामान घेऊन निघाल्यावर पहिली चुणूक कुंभार्ली घाटात मिळाली. चढावर गिअर बदलताना गाडी क्षणभर दम खायची. वळणावर एसटी समोर आली की थांबावे लागे, आणि पुन्हा उचलताना गाडी हातभर मागे सरके. खरी फजिती शेवटच्या चारशे मीटरांत झाली. तिथे लाल मातीचा चढ आहे आणि आठवडाभर पाऊस लागला होता. पुढची चाके जागच्या जागी फिरू लागली आणि गाडी आडवी होऊन गडग्याला टेकली.

याचे कारण साधे आहे. चढावर गाडीचे वजन मागच्या चाकांवर सरकते. मागे माणसे आणि सामान असेल तर आणखीच. ज्या पुढच्या चाकांनी गाडी ओढायची तीच हलकी होतात आणि पकड सुटते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला हेच वजन मदत करते. लेखकाची गाडी शेवटी दोरखंड लावून ओढून काढली, ती सिमेंटच्या गोणी भरलेल्या एका जुन्या बोलेरो पिकअपने. डॅशबोर्डवर चिखल, वाळू, बर्फ अशी चित्रे असलेले बटण त्या दिवशी बरेच फिरवून झाले. अशा बटणाने फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लागतो, इंजिनाचा जोर कमीजास्त होतो. मागच्या चाकांना मात्र ताकद मिळत नाही.

ग्राउंड क्लिअरन्सच्या आकड्यानेही अशीच फसगत होते. तो बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. जुलै २०२३मध्ये जीएसटी परिषदेने जादा सेससाठी एसयूव्हीची व्याख्या स्पष्ट केली, तेव्हाही १७० मिलिमीटरची अट रिकाम्या गाडीचीच धरली. पाच जण आणि सामान बसल्यावर स्प्रिंगा दबतात आणि उंची बरीच कमी होते. शिवाय पुढचा बंपर लांब, खाली झुकलेला असेल तर पोटाखाली जागा असूनही चढाच्या तोंडाशीच तो घासतो. म्हणून आकड्याबरोबर बंपरखालचा कोनही वाकून पाहावा.

एवढ्यावरून लॅडर फ्रेमची गाडीच घ्यावी असे मात्र नाही. ती जड असते, पेट्रोल-डिझेल जास्त पिते, शहरातल्या खड्ड्यांवर मागे बसलेल्यांना हादरवते आणि आकाराच्या मानाने आतली जागा कमी असते. ज्यांचा रस्ता दारापर्यंत डांबरी आहे त्यांना क्रॉसओव्हरच बरी. सुरक्षिततेचा निकाल तर केवळ बांधणीवरून लागत नाही. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी २०१८ची मोनोकॉक नेक्सॉन होती, आणि २०२२मध्ये लॅडर फ्रेमच्या स्कॉर्पिओ-एननेही पाच तारे घेतले. १ ऑक्टोबर २०२३पासून भारत एनकॅप लागू आहे. आपल्या मॉडेलची चाचणी झाली असेल तर त्याचे तारे त्यात पाहता येतात. उंच गाडी वळणावर कलंडण्याचा धोका अधिक, त्यामुळे ईएससी (गाडी घसरू लागताच तिला सावरणारी यंत्रणा) नसलेले मॉडेल स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये.

छोट्या क्रॉसओव्हरच्या लांबीवरची चार मीटरची मर्यादा करामुळे आली आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२००पर्यंत सीसी पेट्रोल किंवा १५००पर्यंत सीसी डिझेल इंजिनाच्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. या बचतीची किंमत डिकी आणि मागची सीट मोजतात.

इंजिनाच्या बाबतीत लेखकाच्या मेहुण्यांचा अनुभव सांगण्यासारखा आहे. त्यांनी मायलेजसाठी डिझेल क्रॉसओव्हर घेतली आणि ती रोज घर ते ऑफिस सहा किलोमीटर चालवली. एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जळायला सायलेन्सरमधला धूर खूप तापावा लागतो, आणि तो हायवेवर सलग वीस-पंचवीस मिनिटे चालवल्यावर तापतो. मेहुण्यांचा फिल्टर दोनदा चोंदला, दोनदा गाडी वर्कशॉपला गेली. रोजचे चालवणे थोडे असेल तर पेट्रोल घ्यावे. सतत शहरात पण पुष्कळ फिरणे असेल तर हायब्रिड परवडते. फक्त बॅटरीने डिकीतली किती जागा खाल्ली आहे ते आधी पाहावे.

टेस्ट ड्राइव्ह घेताना सेल्समन मोकळ्या सपाट रस्त्यावर नेतो. त्याला पुण्याजवळच्या दिवे घाटासारख्या एखाद्या घाटात न्यायला सांगावे आणि घरातली सगळी माणसे गाडीत बसवावीत. चढावर थांबून पुन्हा उचलून पाहावी.

लेखकाची गाडी अजून त्याच्याकडेच आहे. गणपतीला ती एसटी थांब्याजवळ उभी राहते आणि मखर तिथून पिकअपने वर जाते.