विलंबानें दिसणारी उडी

उंच उडी मारणाऱ्या मुलास आपली उडी कधींच दिसत नाहीं. धावतांना दृष्टि काठीवर असते. पाय जमिनीवरून सुटला कीं पाठ काठीकडे होते आणि तोंड आकाशाकडे. अमेरिकेच्या डिक फॉसबरी यानें १९६८ सालीं मेक्सिको येथील ऑलिंपिक सामन्यांत अशी पाठीवरची उडी घेऊन २.२४ मीटर उंची ओलांडली व सुवर्णपदक मिळविलें. पुढें हीच रीत जगभर रूढ झाली. आपल्या नाशिक जिल्ह्यांतील देवरगांवचा सर्वेश कुशारे २०२५ सालीं टोकियो येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेंत २.२८ मीटर उडी मारून सहावा आला, तोही याच रीतीनें. रीत उत्तम खरी. पण तिच्यांत चूक झाली तर उडणाऱ्याला ती कळत नाहीं, काठी पडली एवढेंच कळतें. ती कां पडली हें दुसऱ्या कोणी सांगावें लागतें, आणि वादास प्रारंभ होतो तो येथेंच.

असा एक वाद आमच्या मैदानावर बरेच दिवस चालला होता. शिक्षक म्हणत, “तूं उठण्यापूर्वींच काठीकडे खांदा टाकतोस.” मुलगा म्हणे, “नाहीं सर, मी सरळच उठलों.” दोघेहि खरें बोलत होते, म्हणजे ज्याला जें वाटलें तें तो सांगत होता. पायाखालची जमीन सोडण्याचा तो क्षण सेकंदाच्या पांचव्या हिश्श्याएवढाहि नसतो. त्याची साक्ष शरीराच्या आठवणीवरून काढणें कठीणच.

मोबाइलवर चित्रण करून दाखविणें हा उपाय सर्वांस सुचतो. पण प्रत्येक उडीनंतर चित्रण थांबवा, शोधा, मागें न्या, पुन्हां लावा, यांत रांग खोळंबते आणि चाळीस मिनिटांच्या तासांत प्रत्येकाच्या वांट्यास चारदोन उड्या येतात. याहून सोयीची युक्ति म्हणजे विलंबित चित्रदर्शन. कॅमेरा सतत चालू ठेवावयाचा आणि लॅपटॉपच्या पडद्यावर आतांचें दृश्य न दाखवितां वीस सेकंदांपूर्वींचें दाखवावयाचें. कोणीं कळ दाबावयाची नाहीं. मुलगा उडी मारतो, गादीवरून उठतो, चालत पडद्यापाशीं येतो, तोंच पडद्यावर तो स्वतः धावावयास निघालेला असतो.

यंत्राच्या पोटांत हें कसें घडतें? विहिरीवरचें रहाटगाडगें डोळ्यांपुढें आणावें. माळेंतील गाडगें खालीं भरतें, हळूहळू वर येतें, पन्हळींत रितें होतें व पुन्हां खालीं जातें. भरणें आणि ओतणें अखंड चालूं असतें, परंतु ओतलें जाणारें पाणी थोड्या वेळापूर्वीं भरलेलें असतें. लॅपटॉपच्या स्मरणांत चित्रांची अशीच माळ असते. कॅमेरा सेकंदास ३० चित्रें देत असेल आणि विलंब २० सेकंदांचा हवा असेल, तर माळेंत ६०० गाडगीं लागतात. नवें चित्र सर्वांत जुन्याच्या जागीं बसतें, आणि जुनें पडद्यावर दिसून कायमचें पुसलें जातें. या पुसण्याचा एक फायदा आहे. सांठवणूक बंद ठेवली तर मुलामुलींचीं चित्रें कोठेंच उरत नाहींत. पालकांना हें आधींच सांगितलेलें बरें.

माळ लांब केली कीं स्मरण अधिक लागतें. १२८० बाय ७२० बिंदूंचें एक चित्र, प्रत्येक बिंदूस तीन बाइट धरले तर, सुमारें २७.६ लाख बाइटचें होतें. त्या हिशेबानें वीस सेकंदांस सुमारें १६६ कोटी बाइट, म्हणजे दीड गिगाबाइटहून अधिक जागा लागते. चार गिगाबाइटच्या जुन्या लॅपटॉपला हा भार सोसत नाहीं व चित्र अडखळतें. अशा वेळीं ६४० बाय ४८० बिंदूंवर यावें. जागा बरोबर एकतृतीयांश लागते, आणि खांदा कोणीकडे झुकला हें तेवढ्यांतहि दिसतें. यासाठीं किनोव्हिया नांवाचा विंडोजवर चालणारा कार्यक्रम विनामूल्य मिळतो. त्यांतील चित्रणाच्या भागांत विलंब कमीजास्त करण्याची सोय आहे, व विलंबासाठीं किती स्मरण राखावयाचें तेंहि ठरवितां येतें.

आतां विलंब किती ठेवावा? घड्याळ घेऊन मोजावें. आमच्याकडे धावेस चार सेकंद, उडी व गादीवर पडणें यांस एक, उठून खालीं उतरण्यास चार व पडद्यापर्यंत चालत येण्यास सात, असे सोळा सेकंद भरले. विलंब सोळाच ठेवला तर मुलगा येतांच त्याची धाव सुरू होईल. आम्हीं तो वीस ठेवला. हे वरचे चार सेकंदच मला सर्वांत मोलाचे वाटतात.

कारण त्या चार सेकंदांत मुलास प्रश्न विचारतां येतो: “काय झालें असें तुला वाटतें?” उत्तर आधीं, चित्र मागून. स्विनन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९० सालीं हात हलविण्याच्या साध्या कामांवर प्रयोग केले. ज्यांस परिणाम तत्क्षणीं सांगितला, त्यांच्यापेक्षां ज्यांस कांहीं सेकंद थांबवून सांगितला, त्यांचें शिकणें पुढें अधिक टिकलें. मधल्या काळांत शिकणारा आपली चूक आपण अजमावतो, असा त्याचा अर्थ लावितात. साल्मोनी, श्मिट व वॉल्टर यांनींहि १९८४ सालीं दाखविलें होतें कीं प्रत्येक खेपेस परिणाम सांगत गेल्यास मनुष्य त्या सांगण्यावर विसंबतो आणि तें थांबतांच घसरतो. हे प्रयोग बहुतेक प्रयोगशाळेंतले, मैदानावरचे नव्हेत, हें ध्यानांत ठेवूनहि आम्हीं तीन उड्यांतून एकदांच पडदा पाहावयाचा असा नियम केला. प्रारंभीं मुलें फार कुरकुरलीं.

तो वाद करणारा मुलगा पहिल्या दिवशीं पडद्यापुढें उभा राहिला. विचारल्यावर म्हणाला, “सरळ उठलों.” मग वीस सेकंदांपूर्वींचा तो धांवत आला, पाय टेकला, आणि शरीर वर उठण्याआधींच डावा खांदा काठीवर कलला. शिक्षक कांहीं बोलले नाहींत. मुलगाहि बोलला नाहीं. तो रांगेंत शेवटीं जाऊन उभा राहिला. चौथ्या दिवशीं त्याच प्रश्नाला त्यानें उत्तर दिलें, “या वेळीं थोडा पडलाच खांदा,” आणि पडद्यानें त्याची साक्ष खरी ठरविली. काठी त्याहि उडींत पडली होती, तरी शिक्षकांस आनंद झालेला स्पष्ट दिसला.

मांडणीविषयीं थोडें. लॅपटॉपचा स्वतःचा कॅमेरा उपयोगाचा नाहीं, कारण पडदा मुलाकडे करावा तर कॅमेराहि तिकडेच वळतो. वेगळा कॅमेरा तिवईवर, छातीइतक्या उंचीवर, काठीच्या टोकाच्या बाजूस आठदहा मीटर अंतरावर ठेवावा. शेवटचीं चार पावलें व गादी चित्रांत यावीं. साधी यूएसबी केबल पांच मीटरपर्यंतच विश्वासाची, म्हणून टेबल त्या बेतानें मांडावें. लॅपटॉप आपोआप झोंपीं जाण्याची सोय बंद करावी. आमचा पडदा ऐन वेळीं दोनदां काळा झाला. उन्हांत पडदा दिसत नाहीं, त्यास पुठ्ठ्याचा खोका एका बाजूनें कापून वर घातला कीं पुरे. संध्याकाळीं उलट अडचण येते. उजेड कमी झाला कीं कॅमेरा प्रत्येक चित्रास अधिक वेळ घेतो. मुलगा सेकंदास सहा मीटर वेगानें धांवत असेल, तर एकतीसांश सेकंदांत तो २० सेंटिमीटर सरकतो व चित्र फांसटतें. एकपांचशांश सेकंदांत तो सव्वा सेंटिमीटरहि सरकत नाहीं. म्हणून हा सराव सकाळींच ठेवावा.

बाजूनें पाहणाऱ्या या कॅमेऱ्यास धावेचें वळण मात्र नीट दिसत नाहीं. तें पाहावयाचें तर तिवई उचलून धावेच्या आरंभस्थानामागें न्यावी लागते. मग पडद्याचें टेबलहि हलतें, चालण्याचें अंतर बदलतें, आणि घड्याळ घेऊन सेकंद पुन्हां मोजावे लागतात.