दोन प्रणालींचा संगणक : एक काढून टाकताना

सानपाडा येथील रेल्वेच्या कारशेडमध्ये लोकलगाडी कोणत्या रुळावर जावी, हे सांधे ठरवितात. बाजूची एखादी लाइन उखडावयाची झाल्यास सांधा आधी मुख्य मार्गाकडे फिरवावा लागतो. एकाच संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टीम बसविलेल्या असतात, तेव्हा त्यांपैकी एक काढतानाही हाच क्रम पाळावा लागतो.

समजा, सानपाड्यातील एखाद्या शाळेच्या कार्यालयात विंडोजच्या जोडीला उबुंटू किंवा सी-डॅकने डेबियनच्या आधारे तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणाली आहे. दुसरीचा वापर थांबला, डिस्क भरली, म्हणून कोणी उत्साहाने तिचा भाग पुसून टाकतो. दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढीच अक्षरे उमटतात. विद्यार्थ्यांच्या नोंदी, वेतनदेयके सारे डिस्कवर शाबूत असते. मात्र तिथवर पोहोचण्याची वाट बंद झालेली असते. खरे नुकसान यानंतर होते. घाबरून सगळी डिस्क फॉरमॅट केली जाते आणि शाबूत असलेले दप्तरही जाते.

असे का घडते? जुन्या पद्धतीच्या संगणकात डिस्कच्या आरंभी ५१२ बाइटांची एक नोंद असते. तीत ४४६ बाइट प्रारंभाच्या आज्ञांसाठी व ६४ बाइट विभागांच्या कोष्टकासाठी असतात. इतक्या थोड्या जागेत ‘ग्रब’ हा प्रारंभक मावत नाही. त्याच्या उरलेल्या फायली लिनक्सच्या विभागात राहतात. तो विभाग पुसला की पहिला तुकडा आपल्या सोबत्यांना शोधत अडकून पडतो. नव्या, म्हणजे यूईएफआय पद्धतीच्या संगणकात प्रारंभकासाठी वेगळा लहान विभाग असतो. तो दोन्ही प्रणालींचा सामायिक असल्याने त्याला हात लावू नये. आपला संगणक कोणत्या पद्धतीचा, हे विंडोजच्या ‘सिस्टीम इन्फर्मेशन’मध्ये ‘बायोस मोड’ या ओळीवर कळते.

लिनक्समधील फायली विंडोजला सहसा वाचता येत नाहीत; म्हणून लिनक्स चालू असतानाच त्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. विंडोजमधील दप्तराचीही प्रत काढावी. बिटलॉकर चालू असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून ठेवावी, कारण प्रारंभाचा क्रम बदलताच ती मागितली जाण्याचा संभव असतो. ही किल्ली नसेल, तर शाबूत दप्तरही कुलूपबंद राहते.

त्यानंतर सांधा फिरवावा. यूईएफआय संगणकात सुरुवातीच्या सेटिंगमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या क्रमांकावर आणावा. जुन्या संगणकात विंडोजच्या पेनड्राइव्हवरून दुरुस्तीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘बूटरेक’ची ‘फिक्सएमबीआर’ ही आज्ञा द्यावी. ती प्रारंभाच्या आज्ञा नव्याने लिहिते, विभागांचे कोष्टक मात्र तसेच ठेवते. संगणक बंद करून पुन्हा चालू करावा. विंडोज थेट सुरू झाली, तरच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून लिनक्सचे विभाग काढावेत.

मोकळी झालेली जागा विंडोजच्या विभागाच्या लगेच उजवीकडे असेल, तरच ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ने त्याला जोडता येते. मध्ये दुसरा विभाग असल्यास त्या जागेचा वेगळा विभाग करून त्यात शाळेचे जुने दप्तर ठेवावे.