शहरातील बागा व उन्हाळ्याचा दाह
(सामान्य विज्ञान : इयत्ता सहावी व सातवी)

पूर्वज्ञान : माठातील पाणी गार का राहते, हे विद्यार्थ्यांकडून वदवून घ्यावे. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता माठातील पाण्यातून घेतली जाते.

विवेचन : वृक्षाचे पानही असेच कार्य करते. मुळांनी शोषलेले पाणी पर्णरंध्रांतून बाष्परूपाने बाहेर पडते. १ लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. एवढ्या उष्णतेने ५८ लिटर पाण्याचे तापमान १० अंशांनी वाढेल. ही उष्णता पानांवरील उन्हातून व भोवतालच्या हवेतून घेतली जाते. शिवाय छायेमुळे जमीनही कमी तापते.

याउलट डांबरी रस्ते व काँक्रीटच्या भिंती दिवसभर उष्णता साठवितात आणि रात्री ती हळूहळू सोडतात. म्हणूनच शहरातील रात्र भोवतालच्या खेड्यांतील रात्रीहून उष्ण असते. लंडनमधील हा भेद ल्यूक हॉवर्ड यांनी १८१८ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडला.

त्याच लंडनमधील केन्सिंग्टन उद्यानाचे क्षेत्र सुमारे १११ हेक्टर आहे. तेथील उन्हाळी रात्रींच्या मोजणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. उद्यानाबाहेरील वस्तीतही तापमान सरासरी १.१ अंशाने, तर काही रात्री ४ अंश सेल्सिअसपर्यंत कमी आढळले. हा गारवा कधी २० मीटरांवरच थांबे, तर कधी ४४० मीटरांपर्यंत पोहोचे.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. बागेचा लाभ कुंपणापाशी संपत नाही. परंतु तो फार दूरही जात नाही. शहराच्या एका टोकास विस्तीर्ण उद्यान असले, तरी दुसऱ्या टोकाच्या दाट वस्तीस त्याचा गारवा मिळत नाही. म्हणून वस्तीवस्तीत वृक्ष हवेत. ही केवळ शोभेची बाब नव्हे. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत अहमदाबाद शहरात नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक मृत्यू झाले.

मात्र माती कोरडी पडल्यास पानांतून पाणी जाणे मंदावते व गारवा घटतो. म्हणून लावण्याइतकेच जोपासण्यासही महत्त्व आहे.

प्रात्यक्षिक : आठवडाभर दुपारी २ वाजता झाडाखाली, शाळेच्या पटांगणात व बाजाराच्या रस्त्यावर हवेचे तापमान मोजावे. तापमापक सर्वत्र सारख्याच उंचीवर धरावा आणि त्यावर ऊन पडू देऊ नये. नोंदी फळ्यावर कोष्टकात मांडाव्यात.

स्वाध्याय :
१. झाड व माठ यांतील साम्य लिहा.
२. शहरातील रात्र अधिक उष्ण का असते?
३. आपल्या गावाचा नकाशा काढून त्यात मोठी झाडे दाखवा. कोणती घरे सावलीपासून सर्वांत दूर आहेत?

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात जी घरे येतील, त्यांच्याजवळच शाळेने पावसाळ्यात पहिले रोप लावावे. पुढील उन्हाळ्यात त्यास पाणी घालण्याची पाळी विद्यार्थ्यांनी आपसांत वाटून घ्यावी.