वेगळ्या गोष्टी, एकच भविष्यकाळ

१) वाचायचं ते लिहिल्या क्रमानं. यवतमाळची कॉलेजातली पोरं माझ्याकडून आयझॅक असिमॉव्हची पुस्तकं नेतात आणि हमखास विचारतात, कुठून सुरू करू? ‘प्रिल्यूड टू फाउंडेशन’मधली गोष्ट आधी घडते, पण ती आली १९८८ मध्ये; ‘फाउंडेशन’च्या कथा १९४२ पासूनच्या. उशिराचं पुस्तक आधी उघडलं, तर जुन्या कथांतली उत्कंठा गेलीच समजा.

२) जोड मागाहून बसतो. असिमॉव्हच्या यंत्रमानवांच्या कथा वेगळ्या आणि ‘फाउंडेशन’ वेगळं. आकाशगंगाभर पसरलेल्या त्या साम्राज्यात यंत्रमानव नव्हतेच. चाळीसेक वर्षांनी दोन्ही मालिका जोडताना हीच उणीव त्याच्या कामी आली. यंत्रमानव गेले कुठे? ‘रोबॉट्स अँड एम्पायर’ (१९८५) आणि ‘फाउंडेशन अँड अर्थ’ (१९८६) मिळून उत्तर देतात: १९५० च्या दशकातल्या गुन्हेशोध कादंबऱ्यांतला यंत्रमानव डॅनील ऑलिवॉ हजारो वर्षं पडद्याआड राहून माणसांना सांभाळत आलेला असतो. पृथ्वी किरणोत्सारी का झाली, याचं कारणही बदललं. आधी बोट अणुयुद्धाकडे होतं. पुढे भूकवचातला किरणोत्सार मुद्दाम वाढवला गेला, असं ठरलं. मला हा बदल पटतो. भविष्याचा इतिहासही दुरुस्त करता आला पाहिजे.

३) तारखांपेक्षा माणसं भक्कम. भा. रा. भागवतांनी मराठी मुलांना ज्यूल व्हर्नची गोडी लावली. वेगळ्या गोष्टी जोडण्याचं हे काम व्हर्ननं असिमॉव्हच्या शंभर वर्षं आधीच केलं होतं. एका कादंबरीत निर्जन बेटावर सोडलेला एअर्टन आणि दुसरीतला कॅप्टन निमो ‘द मिस्टीरियस आयलंड’मध्ये (१८७४-७५) एकत्र येतात. निमो म्हणजे १८५७ मध्ये इंग्रजांशी लढलेला बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, हेही इथेच उलगडतं. सालं मात्र जुळत नाहीत: एअर्टनला बेटावर सोडण्याचा १८६५ मधला प्रसंग इथे दहा वर्षं मागे जातो. तरी माझं वाचन कधी अडलं नाही, कारण एअर्टनचा पश्चात्ताप खरा आहे.

४) आराखड्याची घाई नको. रॉबर्ट हाइनलाइनचा भविष्य-इतिहासाचा तक्ता १९४१ मध्ये छापून आला. त्यातल्या काही कथा कधीच लिहिल्या गेल्या नाहीत.

५) आता तुम्हीही लिहा. विज्ञानकथाकार जयंत नारळीकर मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेतून पुढे आले आणि २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तुम्हीही कथेपासूनच सुरुवात करा. आपल्या यवतमाळकडे वणीच्या कोळसाखाणी आहेत, टिपेश्वरचे वाघ आहेत, कापूस तर आहेच. दोनशे वर्षांनी त्यांचं काय होईल, ते लिहा. दिवाळी अंकांना कथा सुट्ट्याच पाठवा. फक्त पहिल्या कथेतलं एखादं माणूस तिसरीत पुन्हा येऊ द्या.