अर्ध्या बाह्यांची तालीम

सोलापूर, एप्रिल

चि. सई हिस,


तुझ्या आईचा फोन आला होता. लातुरात पारा चाळिशीला टेकलाय आणि पोरगी ती राखाडी हूडी अंगावरून काढत नाही, मेसमध्ये तीच, अभ्यासिकेत तीच, झोपतानाही तीच, अशी तक्रार होती. तिची मी समजूत घातली. पण तुझ्या मेसेजमधलं एक वाक्य काही डोक्यातून जाईना. 'नीट'च्या परीक्षेला पूर्ण बाह्यांचे कपडे चालत नाहीत आणि "ती नसली की मला काही आठवतच नाही गं आत्या" असं तू लिहिलंस. मोबाइलवर याचं उत्तर दोन ओळींत उरकलं असतं, म्हणून कागद घेतला.

मऊ, सैल, अंगभर कपड्यात जिवाला बरं वाटणं हा आळस नाही आणि फाजील लाडही नाहीत. ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे तेव्हा हे वर्गात रोज दिसायचं. हूडी आल्या नव्हत्या त्या काळी मुली वह्या छातीशी धरून चालायच्या, बाकावर बसल्या की दप्तर मांडीवर घ्यायच्या. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसणारी एक तरी प्रत्येक तुकडीत असायचीच. मुलगेही काही कमी नव्हते. मार्चच्या उन्हात जर्किनची चेन गळ्यापर्यंत ओढून मागच्या बाकावर बसायचे, आणि स्टाफरूममध्ये त्याला 'स्टाइल' म्हणायचे. आपल्याकडे बाळ जन्मलं की त्याच्या अंगाला कोरं कापड लावत नाहीत, कारण खळीचं कापड टोचतं. आजीचं धुऊन धुऊन विरत आलेलं लुगडं फाडून दुपटी करतात, डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारी कुंची घालतात आणि सगळं घर कौतुकानं बघतं. त्याच बाळानं अठराव्या वर्षी डोक्यावर टोपी ओढून घेतली की घर एवढं अस्वस्थ का होतं, कोण जाणे.

हार्लोची माकडं तुला ठाऊक नसतील, तुमच्या बायोलॉजीत ती येत नाहीत. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो या संशोधकानं माकडांची पिल्लं जन्मताच आईपासून तोडली आणि पिंजऱ्यात दोन खोट्या आया ठेवल्या. एक नुसत्या तारेची, दुसरीवर टॉवेलसारखं मऊ कापड चढवलेलं. दुधाची बाटली तारेच्या आईला लावली तरी पिल्लं पोटापुरती तिच्याकडे जायची आणि बाकी सगळा वेळ कापडाच्या आईला बिलगून काढायची. जो भूक भागवतो त्याच्यावर जीव जडतो, असा तेव्हाच्या शास्त्रज्ञांचा समज होता. 1958 मध्ये हार्लोनं हे निष्कर्ष छापले आणि त्या समजाला मोठा धक्का बसला. प्रयोग क्रूरच होता. आज त्याला कुणी परवानगी देणार नाही, आणि त्या पिल्लांचे फोटो वर्गात दाखवणं मला कधी आवडलं नाही.

वर्गात हा धडा बहुतेक वेळा इथंच संपतो. मला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. पिंजऱ्यात ढोल वाजवणारं चावीचं अस्वल सोडलं की पिल्लू घाबरून कापडाच्या आईकडे धूम ठोकायचं, तिला घट्ट धरून अंग घासत राहायचं. हळूहळू भीती उतरायची, आणि मग तेच पिल्लू मान वळवून अस्वलाकडे टक लावून बघायला लागायचं. काही तर खाली उतरून त्याच्या जवळ जायची. परक्या खोलीत कापडाची आई असली तर तिला शिवून यायचं, थोडं हिंडायचं, परत येऊन शिवायचं असा खेळ चालायचा. ती नसली की पिल्लू एका जागी आक्रसून बसायचं.

तेव्हा हूडी कधी काढणार, हे मी विचारत नाही. ती घातल्यावर तू अस्वलाकडे बघतेस का, एवढंच सांग. तीत हात खुपसून तू शंका विचारायला सरांपुढे उभी राहत असशील, मेसमध्ये अनोळखी मुलीशेजारी ताट घेऊन बसत असशील, तर बारा महिने घाल. तुमच्या क्लासमधले एसी असे सोडलेले असतात की तिथं ती लागतेच म्हणा. पण टोपी पुढे ओढून टेस्टचा निकाल बघायचं टाळत असशील, रूमपार्टनरनं हाक मारली तर झोपेचं सोंग घेत असशील, तर तुझं तोंड अजून कापडातच आहे. हे तुझं तुलाच ठरवता येईल, आईला किंवा मला नाही.

आता आठवण्याचं. तुझी भीती अगदीच हवेतली नाही. 1975 मध्ये गॉडन आणि बॅडली या ब्रिटिश संशोधकांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पाणबुड्यांना शब्दांच्या याद्या पाठ करायला दिल्या, काही काठावर आणि काही पाण्याखाली. ज्या जागी पाठ केल्या त्याच जागी जास्त शब्द आठवले. एवढंच ऐकलं तर कुणालाही वाटेल की परीक्षेलाही अभ्यासातलाच कपडा हवा. पण त्याच दोघांनी 1980 मध्ये पुन्हा प्रयोग केला. या खेपेला शब्द आठवून लिहायचे नव्हते, समोर ठेवलेल्यांतून पाठ केलेले ओळखायचे होते. तेव्हा काठ आणि पाणी यांतला फरक उरलाच नाही. तुझा पेपर चार पर्यायांचा आहे. फिजिक्सची गणितं सोडवावी लागतात हे कबूल, पण बरंचसं काम समोर छापलेल्यातून ओळखण्याचं. हूडी काढल्यावर धडधडते ती छाती. डोक्यात भरलेलं जागच्या जागी असतं.

छातीला सवय लावता येते, आणि तिला सवयीखेरीज दुसरं काही कळतही नाही. येत्या रविवारी टेस्ट देताना अर्ध्या बाह्यांचा टॉप घाल आणि हूडी खुर्चीच्या पाठीवर टाक. त्या पुढच्या वेळी ती खोलीवर ठेवून जा. पायात चप्पल घाल, बूट तिथं चालत नाहीत. वेळ परीक्षेचीच धर, दुपारी 2 ते 5, आणि निदान एकदा एसी नसलेल्या खोलीत बस. सुरुवातीला हात उघडे पडल्यासारखे वाटतील, एकच प्रश्न तीनदा वाचावा लागेल. ते वाटू दे. भीती चढते तशी थोड्या वेळानं आपोआप उतरते, पण ती ऐन चढलेली असताना तू हूडी ओढून घेतलीस तर उतरते हे शरीराला कळायची संधीच मिळत नाही. बाकी सहा दिवस हवी तेवढी घाल, आईशी मी बोलते.

तपासणीच्या रांगेबद्दलही आत्ताच सांगते, कारण तिथं मुलींचा धीर सुटतो. अंगावर धातूचं काही ठेवू नकोस. ब्रासुद्धा हूक नसलेली, स्पोर्ट्सची घाल. 2022 मध्ये केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या एका केंद्रावर हुकांमुळे मुलींना आतले कपडे उतरवायला लावले होते. गुन्हा दाखल झाला, त्या मुलींची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. चूक तपासणाऱ्यांची होती. असं कुणी सांगितलंच तर गप्प राहून ऐकायचं नाही, महिला कर्मचारी आणि केंद्रप्रमुखांना बोलवा म्हणून मोठ्यानं सांगायचं. कपडा म्हणजे माणसाची आबही असते, आणि ती राखायची मागणी करणं हा उद्धटपणा नव्हे.

हूडीचं आणखी एक कारण तू लिहिलं नाहीस, मी लिहिते. दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती बसून तुझ्या अंगावरून जे बोललं गेलं, "बसून बसून सुटलीस", "कुर्ता जरा सैल शिवत जा", ते मी ऐकलंय. शिवाय स्टँडवरून होस्टेलपर्यंत येताना रिकामटेकड्यांच्या नजरा. अशा वेळी ढगळ कपड्यात दडावंसं वाटलं तर दोष तुझा नाही. नजरा काही मला थोपवता येणार नाहीत, पण घरातल्या तोंडांचं मी बघते. तू फक्त एक कर: त्या बोलण्यावर विश्वास ठेवून पुढची सगळी मापं घेऊ नकोस. आवडलेला रंग, आवडलेली बाही कधीमधी खोलीत तरी घालून बघ. कपडा लपायला वापरता येतो तसा मिरवायलाही, आणि तुझ्या वयात दोन्ही हवं.

एक सरळच विचारते. पूर्ण बाह्यांखाली तू स्वतःला केलेली काही जखम झाकत नाहीस ना? झाकत असशील तर मी ओरडणार नाही, रडणार नाही, पहिल्या एसटीनं येईन. आंघोळ करावीशी वाटत नाही, सलग कित्येक दिवस तेच कपडे अंगावर, झोप नाही किंवा नुसती झोपच, असं चाललं असेल तर ते कापडानं भागणारं दुखणं नव्हे. मला सांगवत नसेल तर टेली मानसचा 14416 हा नंबर फिरव. सरकारची फुकट सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं.

हूडीचं कापडही बदल. आतून लव असलेलं ते फ्लीस थंडीसाठी असतं, त्यात पॉलिएस्टर असलं तर घाम अंगातच मुरतो आणि काखेत पुरळ उठतं. उन्हाळ्याला सुती होजिअरीची पातळ हूडी मिळते, घेताना लेबल वाच. भावनेचे चार इंग्रजी शब्द छातीवर छापून दुप्पट किमतीला विकतात, ती मात्र घेऊ नकोस.

आणि हो, आजीचं एक सुती लुगडं माझ्याकडे आहे, जांभळं, पार मऊ झालेलं. त्याचा ढगळ कुर्ता शिवायला टाकते. अर्ध्या बाह्या, बटण नाही, खिसा नाही, म्हणजे नियमात बसेल. तो परीक्षेच्या दिवसासाठी घडी करून ठेवायचा नाही, आल्या दिवसापासून घालायचा आणि धुवायचा. छातीचं माप आणि खांद्यापासून कोपरापर्यंतची लांबी शुक्रवारपर्यंत कळव, शिंपी नंतर लग्नाच्या कामात अडकतो.

तुझी,
आत्या